टाकीला कीड लागलीय का, डॉक्टर?

हा प्रश्न मला रूट कॅनालला आलेल्या एका आजोबांनी विचारला. आमच्या वेटिंग रूममध्ये खाऱ्या पाण्याची तीन फुटी टाकी आहे. त्या आठवड्यात तिच्या पांढऱ्याशुभ्र वाळूवर कुणीतरी कोकोची पूड चाळून टाकावी तसा तपकिरी थर बसला होता. दातांच्या डॉक्टरच्या दारात अशी टाकी म्हणजे न्हाव्याच्या दुकानात फुटका आरसा. मी म्हटलं, "नवीन आहे हो, दुधाचे दात येतायत." आजोबा हसले. मला काही हसू आलं नाही, कारण त्या दिवशी सकाळीच मी अर्धा तास ती वाळू उपसून धुतली होती आणि दुपारच्या चहापर्यंत थर पुन्हा हजर होता.

क्लिनिक सिंहगड रस्त्यावर, धायरीच्या बाजूला. आधी सात वर्षं तिथे गोड्या पाण्याची टाकी होती. चार गोल्डफिश, एक प्लास्टिकचा खजिन्याचा पेटारा, बुडबुडे. त्या टाकीने मला कधी त्रास दिला नाही, त्यामुळे आपल्याला मासे पाळता येतात असा माझा गोड गैरसमज झाला. खाऱ्या पाण्याचं वेड मात्र जुनं. सहावीत सहलीला मुंबईला नेलं होतं, तेव्हा मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात मी एका काचेला नाक लावून इतका वेळ उभी राहिले की बाईंना मला शोधायला परत यावं लागलं. १९५१ साली सुरू झालेलं ते मत्स्यालय. आत दमट अंधार, आणि त्या अंधारात निळे-पिवळे मासे. गेल्या दिवाळीनंतर ठरवलं, आता घ्यायचीच.

टाकी तीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच. खालच्या कपाटात सम्प, म्हणजे पाणी गाळून वर पाठवणारी दुसरी छोटी टाकी. वाळू आणि दगड वजा जाता सगळं मिळून १८० लिटर पाणी. बसवून देणाऱ्याने "जिवंत दगड" आणून देतो म्हटलं, म्हणजे समुद्रातला प्रवाळाचा दगड, आतल्या जिवाणूंसकट. त्याला नाही म्हटलं. आपल्याकडे २००१ पासून सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या शेजारी. त्यांचा मेलेला सांगाडाही विकायचा नाही, घ्यायचा नाही. म्हणून मी माणसाने बनवलेले कोरडे दगड घेतले, प्रवाळ ठेवायचा नाही हेही ठरवलं. फक्त मासे. त्या निर्णयाचा मला आजही पश्चात्ताप नाही, पण त्याची एक किंमत असते आणि ती कुणी आधी सांगितली नाही. कोरड्या दगडावर काहीच वस्तीला नसतं. मोकळी जमीन. आणि मोकळ्या जमिनीवर आधी कोण येतं हे धायरीत राहणाऱ्यांना मी सांगायला नको.

आधी आला तो हाच तपकिरी थर. डायटम. हे एकपेशीय शैवल स्वतःभोवती काचेची डबी बांधतं, म्हणजे सिलिकाची, आणि त्यासाठी त्याला पाण्यात विरघळलेलं सिलिका लागतं. ते कुठून आलं याचा शोध मला माझ्याच पॅन्ट्रीत लागला. टाकी भरायला मी क्लिनिकच्या पिण्याच्या आरओचं पाणी वापरलं होतं. आरओचं पाणी म्हणजे शुद्ध, अशी आपली समजूत. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, बुडवला तर ७४. घरगुती आरओमध्ये चवीसाठी एक छोटा नॉब असतो, तो थोडं न गाळलेलं पाणी शुद्ध पाण्यात परत मिसळतो. माणसाला ते बरं. माझ्या टाकीत मात्र त्या नॉबमधून टँकरचं बोअरवेलचं पाणी शिरत होतं, आणि इथल्या बोअरवेलचं पाणी काळ्या बेसाल्टच्या भेगांमधून येतं. म्हणजे सिलिका आलंच. नळाला पाणी असेल तर माझा मीटर शंभरच्या आसपास दाखवतो, टँकर आला की पाचशेच्या वर. खडकवासला गाडीने पंधरा मिनिटांवर आहे, हे जाता जाता.

यातली खरी शरमेची गोष्ट पुढे आहे. ऑटोक्लेव्हसाठी, म्हणजे हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्रासाठी, मी गेली चौदा वर्षं डिस्टिल्ड वॉटरचे कॅन विकत घेते. साधं पाणी घातलं तर यंत्रावर क्षार बसतात म्हणून. लोखंडाच्या यंत्राला डिस्टिल्ड, आणि जिवंत माशांना नॉबचं पाणी. मग आरओच्या पुढे डीआय रेझिनची, म्हणजे उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांची नळी लावली, मीटर शून्यावर आला. त्यातही एक खोच आहे. रेझिन संपत आलं की सगळ्यात आधी सिलिकाच सुटू लागतं, आणि टीडीएस मीटरला त्याचा पत्ता लागत नाही. रंग बदलणारं रेझिन घ्यावं आणि रंग पूर्ण बदलायची वाट बघू नये.

डायटमचं शेवटी झालं काय, तर ते आपोआप गेले. पाण्यातलं सिलिका संपलं, त्यांचं राशन संपलं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात वाळू एके दिवशी पांढरी दिसली. मी केलेल्या उपशाचा त्यात वाटा किती, तर माझ्या मते शून्य.

त्याच सुमारास एक गंमत लक्षात आली. दातांचं माप घ्यायला आम्ही जी गुलाबी पेस्ट वापरतो ना, जी तोंडात थंडगार लागते आणि दोन-तीन मिनिटांत रबरासारखी होते, तिचं नाव अल्जिनेट. ते तपकिरी समुद्री शेवाळापासून काढतात. पूर्वी या कामाला अगार वापरायचे, तेही शेवाळाचंच, आणि ते मुख्यतः जपानहून यायचं. दुसऱ्या महायुद्धात ते मिळेनासं झालं म्हणून अल्जिनेट पुढे आलं. हे मी कॉलेजात घोकलं होतं. त्या पावडरीत भर म्हणून काय घालतात, तर डायटमची माती. आणि ती लगेच घट्ट होऊ नये म्हणून ट्रायसोडियम फॉस्फेट. म्हणजे शेवाळ, डायटम, फॉस्फेट, तिन्ही माझ्या कपाटात डब्यात बंद होते आणि भिंतीपलीकडे वेटिंग रूममध्ये तेच तिघं मोकाट सुटले होते. ट्रायसोडियम फॉस्फेट हा शब्द लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

जानेवारीत मासे आले. क्लाउनफिशची जोडी, हॅचरीत वाढलेली. नंतर एक लॉनमोअर ब्लेनी, म्हणजे शेवाळ खरवडून खाणारा, बेडकाच्या तोंडाचा, सतत चिडल्यासारखा दिसणारा मासा. आणि दहा गोगलगाई. महिनाअखेरीस दगडांवर हिरवी लव उगवली. पहिले चार दिवस मला ती आवडली सुद्धा. प्रवाहात हलायची, छान दिसायची. फेब्रुवारीच्या मध्यावर ती बोटभर लांब झाली होती आणि टाकीत दगड नसून चार न भादरलेली कुत्री बसल्यासारखी दिसत होती.

आमच्या क्लिनिकमधल्या मावशी मूळच्या वेल्ह्याकडच्या. त्या म्हणाल्या, "हे गोंडाळ आमच्याकडं डबक्यात फुकट मिळतंय. तुम्ही ह्याला पैसं मोजलं?"

मी पेशंटला काय सांगते? दिवसातून दोनदा घासा. तेच केलं. रविवारी दुपारी क्लिनिक बंद असताना दगड एकेक करून बाहेर काढले, बादलीत खारं पाणी घेतलं आणि नमुना म्हणून आलेले कडक ब्रिसलचे टूथब्रश, जे मी पेशंटला कधीच देत नाही, ते बाहेर काढले. लूप्स, म्हणजे दात बघायचा भिंगांचा चष्मा, डोळ्यांना लावले. साडेतीन पट मोठं दिसतं त्यातून. एकेक तंतू सरळ, फांदी नसलेला, मुळाशी दगडाच्या छिद्रात घट्ट रुतलेला. ब्रायॉप्सिस नावाचं याहून चिवट शेवाळ असतं, ते पिसासारखं दिसतं, मधे दांडा आणि दोन्ही बाजूंना केस. माझं तसं नव्हतं. ब्रश फिरवला की वरचे केस निघायचे आणि मुळं तिथेच. मग जुन्या क्युरेट घेतल्या, हिरडीखालचं कीटण काढायच्या. दगडाच्या खळग्यात त्या अगदी फिट बसतात. खारं पाणी लागल्यावर आठवडाभरात गंजल्या, ते वेगळं.

त्यानंतर पेरॉक्साइड. मेडिकलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड ६ टक्क्यांचं मिळतं, त्यात तेवढंच डिस्टिल्ड पाणी घालून ३ टक्क्यांचं केलं आणि बोथट सुईच्या सिरिंजने, दगड टाकीबाहेर असतानाच, बुडख्यांवर थेंब थेंब सोडलं. कॅनाल धुताना करतो तसंच. फेस येतो. दोन-तीन मिनिटं थांबायचं, खाऱ्या पाण्यात खळबळून दगड परत ठेवायचा. दोन-तीन दिवसांत ते पांढरं पडतं आणि गोगलगाई आवडीने खातात. हा उपाय खरंच चालतो. एका दगडावर. बाकीच्या सहा दगडांवर तोवर पुन्हा उगवलेलं असतं.

काही जणांनी फ्लुकोनाझोल टाकायला सांगितलं. हो, तीच गोळी, तोंडात बुरशी झाली की मी लिहून देते ती. लिटरला पाच मिलिग्रॅमच्या हिशेबाने माझ्या टाकीला १५० च्या सहा गोळ्या. बऱ्याच जणांना गुण येतो म्हणे. मी नाही टाकली. दाढ दुखते म्हणून फोनवर अमॉक्सिसिलिन मागणाऱ्या पेशंटला मी रोज दोनदा नाही म्हणते, आणि स्वतः मात्र बुरशीचं औषध गटारात सोडू? ज्यांनी वापरलंय त्यांना मी नावं ठेवत नाही. माझ्या हाताने झालं नसतं.

मूळ कारण एका शनिवारी कळलं. मी केबिनमधून बाहेर आले तर मावशी टाकीवर वाकून चिमूटभर खाणं टाकत होत्या. सकाळचं खाणं मी स्वतः दिलं होतं. विचारलं तर म्हणाल्या, "बिचारी तोंड वासतात ना माझ्याकडं बघून. प्रत्येक पेशंट आत गेला की थोडं टाकते." त्या दिवशी अठरा पेशंट होते.

मावशींवर चिडायचं तरी कसं? हॉलमधला दिवा सकाळी साडेनऊ ते रात्री नऊ मीच चालू ठेवत होते, पेशंटला टाकी दिसावी म्हणून. आणि दुपारी तीननंतर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट काचेवर यायचं. हे सगळं मला दिसत होतं, पण मी ब्रश हातात धरून बसले होते. दिवसभर बिस्किटं चघळायची आणि रात्री दहा मिनिटं दात घासायचे, असल्या पेशंटला मी किती सुनावते!

खिडकीला पडदा लावला. दिवा टायमरवर, दुपारी दोन ते नऊ. खाण्याची डबी माझ्या ड्रॉवरमध्ये, कुलपात. मावशी दोन दिवस माझ्याशी तुटक बोलल्या. दर आठवड्याला वीस लिटर पाणी बदललं. मार्चच्या मध्यावर शेवाळाची वाढ मंदावली. इथे मी थांबायला हवं होतं. मधे आठ-दहा दिवस वाळूवर लाल मखमलीसारखा थर आला, त्याला सगळे लाल शेवाळ म्हणतात, पण ते शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया असतात. ट्यूब लावून ओढून काढला, पंपाचं तोंड त्या कोपऱ्याकडे वळवलं, गेला. त्याच्याबद्दल एवढंच.

आता माझ्या मूर्खपणाकडे येते.

दादरला एक काका आहेत, तीस वर्षं खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळतायत. त्यांना मी दर रविवारी फोन करायचे. ते एकच वाक्य बोलायचे, "डॉक्टर, आता हात खिशात." मला ते पटत नव्हतं. मी परदेशी लोकांचे व्हिडिओ बघत होते, त्यात सगळे फॉस्फेट ०.०३, फॉस्फेट ०.०२ असे आकडे सांगत होते, लिटरला मिलिग्रॅममध्ये. फॉस्फेट आणि नायट्रेट हे शेवाळाचं खत, माशांच्या खाण्यातून पाण्यात येणारं. त्या सगळ्यांच्या टाक्या नाजूक प्रवाळांच्या, माझ्याकडे तर प्रवाळाचा तुकडाही नाही, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. माझं फॉस्फेट ०.२ होतं, नायट्रेट २०. माशांना त्याने काहीही होत नाही. पण आकडा वाईट दिसला की माझ्यातली परीक्षार्थी जागी होते.

म्हणून जीएफओ आणलं. ग्रॅन्युलर फेरिक ऑक्साइड, म्हणजे मुद्दाम बनवलेल्या गंजाचे दाणे. ते फॉस्फेट धरून ठेवतात. पाकिटावर लिहिलं होतं त्याच्या निम्म्याने सुरुवात करा असं काकांनी सांगितलं. मी दुप्पट घातलं. सोबत सम्पमध्ये दिवा लावून कीटोमॉर्फाचा गुंता सोडला, ते एक चांगलं शेवाळ, वाईट शेवाळाचं अन्न खाऊन टाकतं. आणि पाणी बदलणं आठवड्यातून दोनदा. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मीटरने फॉस्फेट ०.०० दाखवलं आणि नायट्रेटच्या नळीत गुलाबी रंगाचा मागमूसही नव्हता. फोटो काढून काकांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "अरेरे."

मला वाटलं चुकून आलं.

दगडावरचे हिरवे केस खरोखर गेले. आठ दिवस टाकी अशी दिसत होती की पेशंट फोटो काढत होते. मग वाळूवर पुन्हा तपकिरी थर आला आणि मी म्हटलं, डायटम, ओळखीचे आहेत, जातील. पण हे पावडरीसारखं नव्हतं. शेंबडासारखं होतं. दगडावरून लोंबणारे चिकट तंतू, प्रत्येक तंतूच्या टोकाला हवेचा बुडबुडा अडकलेला. रात्री दिवा बंद झाला की निम्मं गायब, दुपारी तीनपर्यंत पुन्हा झालर. आणि गोगलगाई मरायला लागल्या. आधी काचेवरून निसटून उताण्या पडल्या, सरळ केल्या तरी चिकटेनात. आठवड्यात सहा गेल्या.

काकांनी फोनवर एक चाचणी सांगितली. थोडा शेंबूड बाटलीत घ्या, जोरात हलवा, पाणी टिश्यू पेपरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी उजेडात ठेवा. मी काचेच्या डॅपन डिशमध्ये ठेवलं, ज्यात सिमेंटचे थेंब काढतो त्यात. स्वच्छ पाणी. एक स्केलिंग करून आले, पाऊण तास झाला असेल, तर तळाशी पुन्हा तोच गोळा जमलेला, बुडबुड्यासकट. कागदाच्या आरपार गेलेल्या पेशींनी एकमेकींना शोधून पुन्हा संसार थाटला होता. मला खरं सांगते, अंगावर काटा आला.

आमच्याच इमारतीत खाली पॅथॉलॉजी लॅब आहे. डिश घेऊन गेले. तिथला टेक्निशियन जेवायला बसणार होता, तरी त्याने स्लाइड केली. चाळीसच्या लेन्सखाली बघितलं आणि मान मागे घेतली.

"मॅडम, कुठल्या पेशंटचं हे?"

"टाकीतलं आहे."

"हलतायत हो सगळे."

मी डोळा लावला. थेंबाच्या आकाराच्या, एका टोकाला निमुळत्या, मधासारख्या रंगाच्या पेशी. ढिगाने. प्रत्येक पेशी निमुळत्या टोकाने जणू खुंट्याला बांधली होती आणि त्या खुंट्याभोवती गोल फिरत होती. घाण्याच्या बैलासारखी. काही सुटून पळत होत्या, मधेच थांबून पुन्हा गरगर. टेक्निशियनने डबा बाजूला सारला आणि तोही दुसऱ्यांदा बघायला आला. पाच मिनिटं आम्ही आळीपाळीने बघत होतो.

ते डायनोफ्लॅजेलेट होते, म्हणजे पोहणारे एकपेशीय जीव. त्यातले ऑस्ट्रिओप्सिस. डायनो म्हणतात सगळे. यांच्यातल्या काही जाती पॅलिटॉक्सिनसारखं विष बनवतात. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीत जेनोआच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रिओप्सिस इतके माजले की नुसत्या समुद्रावरच्या वाऱ्याने दोनशेच्या आसपास लोक ताप-खोकला घेऊन दवाखान्यात गेले. माझ्या गोगलगाई कशाने गेल्या ते मला त्या स्टुलावर बसल्या बसल्या समजलं. त्यानंतर टाकीत हात घालताना मी ग्लोव्ह आणि मास्क घालते. ते माझ्याकडे खोक्याने असतात.

आणि डायनो येतात कधी? नायट्रेट-फॉस्फेट शून्य झालं की. साधं शेवाळ, जिवाणू, डायटम हे सगळे उपाशी मरतात किंवा दबून बसतात, आणि यांना मैदान मोकळं मिळतं, कारण हे उजेडावर जगतात, शिवाय दुसऱ्यांना गिळूनही जगतात. मी जी वस्ती रडतखडत का होईना जमत होती ती उठवली आणि मोकळ्या प्लॉटवर गुंडांना बोलावलं. पेशंटला मी हेच सांगते, सारखं कडक माउथवॉश वापरू नका, तोंडातले चांगले जिवाणूही जातात.

आता उपाय ऐका. शेवाळाने हैराण झालेल्या टाकीत मला खत घालायचं होतं. जीएफओ काढून फेकलं. कीटोमॉर्फाचा दिवा बंद. पाणी बदलणंही बंद. आणि रसायनांच्या दुकानातून सोडियम नायट्रेट आणि ट्रायसोडियम फॉस्फेट आणलं. हो, तेच, अल्जिनेट लवकर घट्ट होऊ देत नाही ते. कुणाला उपयोग झाला तर हिशेब देऊन ठेवते. बारा रेणू पाणी असलेलं ट्रायसोडियम फॉस्फेट ४ ग्रॅम, एका लिटर डिस्टिल्ड पाण्यात. त्यातलं ९ मिलिलिटर माझ्या १८० लिटरमध्ये टाकलं की फॉस्फेट ०.०५ ने वाढतं. सोडियम नायट्रेट अर्धा ग्रॅम टाकलं की नायट्रेट साधारण २ ने. कागदावर. प्रत्यक्षात पहिले नऊ दिवस रोज टाकूनही दुसऱ्या दिवशी मीटर ०.००. वाळू आणि दगड फॉस्फेट शोषून घेतात, त्यांचं पोट भरेपर्यंत पाण्यात काही उरत नाही. ट्रायसोडियम फॉस्फेट चांगलंच अल्कधर्मी असतं, म्हणून सम्पमध्ये, हळूहळू सोडायचं.

मावशींना डबी परत दिली. "आता टाका," म्हटलं. त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव होता तो मी आईच्या चेहऱ्यावर पाहिलाय, मी डाएट सोडलं तेव्हा.

जोडीला तीन दिवस अंधार. टाकी मी हिरव्या सर्जिकल ड्रेप्सनी झाकली, पाच ड्रेप, कडेने मायक्रोपोर टेप. आतमध्ये पंप चालू, मासे बरे, क्लिनिक सुरू. वेटिंग रूममध्ये शिरणारा प्रत्येक जण आवाज बारीक करायचा. एका काकूंनी मावशींना हळूच विचारलं, "कधी गेले?" ऑपरेशन चालू आहे, असं एका बारक्याने आपल्या बहिणीला समजावलं. तेच उत्तर सगळ्यांत पटण्यासारखं होतं.

आणि यूव्ही. ऑस्ट्रिओप्सिस रात्री दगड-वाळू सोडून पाण्यात तरंगतात, म्हणूनच रात्री निम्मं गायब व्हायचं. तेव्हा पाणी संथपणे अतिनील दिव्याच्या नळीतून फिरवलं की ते सापडतात. ११ वॅटचा दिवा घेतला, पाण्याचा वेग कमी ठेवला, नळीचं तोंड मुख्य टाकीतच, सम्पमध्ये नाही. सगळ्या डायनोंना हे लागू पडत नाही. वाळूतून बाहेरच न पडणाऱ्या जातीही असतात, त्यांच्यापुढे यूव्ही म्हणजे रिकाम्या रस्त्यावर नाकाबंदी. म्हणून आधी सूक्ष्मदर्शकाखाली बघा, मग पैसे खर्च करा. मी आधीच घरात बारा प्रकारच्या बाटल्या आणून ठेवल्या होत्या, कोणाला हव्या असतील तर घेऊन जा.

मे महिना कठीण गेला. बाहेर चाळीस अंश, चिलर दिवसभर घुरघुरतोय, लाइट गेली की मी इन्व्हर्टरकडे पळतेय. सातव्या दिवशी तंतू आखूड झाले. विसाव्या दिवशी नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०७ आणि खालच्या लॅबमधल्या स्लाइडवर मला घाण्याचे बैल मोजता आले, एका नजरेत अकरा. तो टेक्निशियन आता स्वतःहून विचारायचा, "मॅडम, आज नाही आणलं?" पहिल्या पावसाच्या आठवड्यात त्याने दोन स्लाइड पूर्ण फिरवून पाहिल्या आणि एकही दिसला नाही. त्याला थोडं वाईट वाटलं असावं.

त्याच आठवड्यात मागच्या काचेवर हिरवी झाक आली. साधं, बुळबुळीत, हिरवं शेवाळ. मी त्याचा फोटो काढून काकांना पाठवला. या वेळी उत्तर आलं, "पेढे."

आता गणपती होऊन गेलेत. पुढची काच मावशी दोन दिवसांआड कार्डाने खरवडतात, मागची आणि डावी तशीच हिरवी ठेवलीय. ब्लेनी तिच्यावर दिवसभर ओठ टेकवत फिरतो आणि प्रत्येक ठिकाणी चुंबनाचा ठसा उमटतो. संध्याकाळी दिवा तिरपा पडला की शेकडो ठसे दिसतात. एका दगडाच्या कोपऱ्यावर अजून केसांचा झुपका आहे, मी त्याला हात लावत नाही. नायट्रेट १०, फॉस्फेट ०.०८. आठवड्यातून एकदाच मोजते, बाकी दिवस मीटर ड्रॉवरमध्ये, जिथे आधी खाण्याची डबी होती तिथे.

परवा एक आठ वर्षांचा मुलगा आला होता, पुढचे दात वाकडे म्हणून माप घ्यायला. बाहेर बसून त्याने ब्लेनीचे ठसे मोजले होते, त्रेसष्टपर्यंत. खुर्चीत बसल्यावर मी गुलाबी पावडर पाण्यात कालवायला घेतली तर म्हणाला, "हे कशाचं असतं?"

"शेवाळाचं," मी म्हटलं आणि ट्रे तोंडात घातला.

दोन-तीन मिनिटं त्याला बोलता येईना. डोळे मात्र दारातून बाहेर टाकीकडे, मग माझ्याकडे, पुन्हा टाकीकडे. ट्रे काढल्यावर चूळ भरायच्याही आधी त्याने विचारलं, "त्यातलंच?"